मापाची काठी

(नभोवाणीवर झालेल्या भाषणाचा संपादित भाग)

कवीला त्याचा छंद विचारला की विचारणाऱ्याच्या मनात उत्तर आधीच तयार असतं. वाचन, जुनी गाणी, फार तर भटकंती. मी 'गळाच्या काठ्या बनवतो' असं सांगितलं की समोरचा क्षणभर गप्प होतो आणि मग हमखास विचारतो, "का? बाजारात मिळत नाहीत?"

मिळतात. आता तर तालुक्याच्या बाजारात, चपलांच्या आणि छत्र्यांच्या दुकानाशेजारीसुद्धा मिळतात. पण कपडेही तयार मिळतात, तरी शिंप्याचं दुकान अजून चालतंच ना? मी त्या शिंप्याच्या जातीचा. मापाची काठी करतो.

आधी थोडं आमच्याकडच्या शब्दांविषयी. गळाला आम्ही गरी म्हणतो आणि गळ टाकून मासे धरण्याला गरवणं. माझं गाव वाशिष्ठीच्या खाडीकाठी, चिपळूणहून दाभोळकडे जाताना खाडी जिथे रुंद व्हायला लागते त्या बाजूला. या किनाऱ्यावर पोटापाण्याची मासेमारी जाळ्याची. ती खारव्यांची, भोयांची, दालद्यांची. गरवणं मात्र सगळ्यांचं. मास्तर गरवतात, पोस्टमन गरवतात, आखातातून सुट्टीवर आलेला माणूस पहिल्या दोन दिवसांत नातेवाइकांच्या भेटी उरकतो आणि तिसऱ्या दिवशी खडकावर उभा असतो. पावसाळ्यात 1 जूनपासून 31 जुलैपर्यंत यांत्रिक होड्यांना बंदी असते, तेव्हा तर ताज्या माशाची आशा गरीवरच. त्यामुळे आमच्या घराघरांत एखादी काठी कौलांखाली आडवी खोचलेली असते.

माझ्या लहानपणी काठी म्हणजे माणग्याची. माणगा हा कोकणातला बांबू. काटे नाहीत, सरळ वाढतो, आणि बुंध्याकडे जवळजवळ भरीव. पाऊस संपून थंडी पडली की साधारण तीन वर्षं वयाची काठी पारखून तोडायची, तीही अंधाऱ्या पक्षात. अंधाऱ्या पक्षाचा भाग विश्वासाचा, पण हंगामाला कारण आहे. पावसातली वाढ ओसरली की बांबूमधला पिष्टाचा साठा कमी झालेला असतो आणि पोखरणाऱ्या भुंग्याला हवं असतं ते पिष्टच. मग काठी जाळावर शेकून वाक काढायचा, दोरीने आढ्याला टांगायची, खालच्या टोकाला धोंडा बांधायचा. चुलीचा धूर खात ती दोन महिने लोंबकळायची. शेंड्याला तंगूस बांधला, गरी लावली की झालं. रीळ नाही, कड्या नाहीत. तंगूस जेवढा लांब तेवढंच तुमचं पाणी.

अब्बा बोटीवर होते. म्हणजे मोठ्या मालवाहू जहाजावर, इंजिनखान्यात तेलवाले. नऊ-नऊ, दहा-दहा महिने बाहेर. 1980 साली ते जपानहून एक काठी घेऊन आले. फिकट पिवळ्या काचतंतूची, दोन तुकड्यांत जोडायची, बुचाच्या लाकडाची मूठ, त्यावर चकचकीत रीळ. गावात तशी काठी कोणी पाहिली नव्हती. त्या सुट्टीत अब्बांनी ती घेऊन एक फोटो काढून घेतला. पांढरा सदरा, दोन्ही हातांत काठी आणि चेहऱ्यावर जरा जास्तच ऐट. तो फोटो आजही आमच्या पडवीत आहे.

अब्बा पुन्हा बोटीवर गेले आणि दहा वर्षांच्या मी ती काठी न विचारता खाडीवर नेली. गरी खडकात अडकली. मी काठी सरळ उभी करून, पार डोक्यामागे नेऊन ओढली. काठीचा शेंडा हातभर तुटून तंगुसावर लोंबू लागला.

हे असं का झालं ते मला तीस वर्षांनी कळलं. काठी जमिनीशी साठ-सत्तर अंशांत धरली तर भार शेंड्यापासून बुंध्यापर्यंत वाटला जातो. वाकणं सगळीकडे थोडंथोडं होतं. ती डोक्यामागे नेली की बुंधा आराम करतो आणि सगळा भार एकट्या शेंड्यावर येतो. सगळ्यांत बारीक भागाने सगळ्यांचं ओझं वाहायचं. तो मोडणारच.

दोन्ही तुकडे मी भाताच्या कणगीमागे लपवले. अब्बा परत आले, दोन दिवसांनी त्यांनी कणगी हलवली. मी दारामागून पाहत होतो. त्यांनी तुकडे उचलले, पाहिले, पुन्हा तिथेच ठेवले. मला काही बोलले नाहीत. त्या थंडीत त्यांनी माणग्याची नवी काठी तोडून आणली आणि पुढे आयुष्यभर तिच्यावरच गरवलं. मार खाल्ला असता तर मी हे विसरलो असतो.

पुढे मी मराठी घेऊन बी.ए. झालो, एका कार्यालयात कारकून म्हणून चिकटलो, कविता लिहू लागलो, दोन संग्रह निघाले. 2009 च्या सुमारास एका मित्राची मोडकी काठी दुरुस्त करायला घेतली आणि त्यातून हा नाद लागला. खोलून बघत, बिघडवत शिकलो. नंतर चित्रफिती पाहिल्या, पण पहिले गुरू म्हणजे मोडक्या काठ्याच.

आता काठी कशी होते ते सांगतो. मधला नुसता पोकळ निमुळता दांडा असतो, त्याला ब्लँक म्हणतात. हा घरी होत नाही, तो विकतच आणावा लागतो. दुसऱ्या महायुद्धानंतर काचतंतूचे ब्लँक आले, 1970 च्या दशकात कार्बनचे. माझे बहुतेक ब्लँक कुवेतच्या मेव्हण्याच्या सामानातून आले आहेत. एकदा विमानतळावर त्याला ती लांब नळी उघडायला लावली. आत काळ्या नळ्या बघून अधिकाऱ्याने विचारलं, हे काय आहे? मेव्हणा म्हणाला, "साहेब, आमच्या बहिणीचा नवरा कवी आहे." का कोण जाणे, पण त्याला सोडलं.

ब्लँक हातात आला की त्याचा कणा शोधायचा. ब्लँक म्हणजे कार्बनचं कापड सळईभोवती गुंडाळून भट्टीत भाजलेलं असतं. त्यामुळे त्याची जाडी सगळीकडे अगदी सारखी नसते. एका बाजूला तो किंचित ताठ असतो. बुंधा गुळगुळीत लादीवर टेकवायचा, शेंडा एका हातात धरायचा, दुसऱ्या तळव्याने मध्ये दाबून ब्लँक गोल फिरवायचा. एका ठिकाणी तो टुणकन उडी मारतो आणि आपल्या जागी बसतो. तिथे पांढऱ्या पेन्सिलीने खूण करायची. काही कारागीर कण्याला फार महत्त्व देत नाहीत, ब्लँक डोळ्याला सरळ कुठून दिसतो तेवढं बघतात. मी आधी कणा बघतो. ज्याच्याकडून काम करून घ्यायचं त्याचा कल कुठे आहे ते आधी विचारावं, एवढंच माझं म्हणणं.

मग मूठ. बुचाची गोल चकती-चकती चिकटवून, आतून कानशीने भोक वाढवून, बाहेरून काचकागदाने घासून ती घडवायची. मग रीळ बसवायची जागा. मग कड्या. साधा नियम असा, की काठी जितके फूट तितक्या कड्या आणि टोकाची एक वेगळी. पण हा नियम फक्त सुरुवातीला. कड्या आधी रबराच्या बारीक कड्यांनी तात्पुरत्या बांधायच्या, त्यातून तंगूस ओवायचा, काठी भिंतीला अडकवून तंगुसाला वजन लावायचं आणि बघायचं. काठी वाकते तशी तंगुसाची रेघ तिच्या वाकाबरोबर गेली पाहिजे. दोन कड्यांमध्ये ती सरळ ताणली गेली तर तिथे कडी कमी आहे, सरकवा. मी संध्याकाळी दिव्याच्या उजेडात भिंतीवरची सावली पाहून हे करतो. सावलीत चूक पटकन दिसते.

यानंतर धागा. कडीचा पाय ब्लँकवर धरून त्यावर बारीक नायलॉनचा धागा वेढ्याला वेढा लावून गुंडाळायचा, मध्ये केसाएवढी फट नको. धाग्याला सारखा ताण हवा, म्हणून तो जाड पुस्तकाच्या पानांमधून ओढून घेतात. ही जगभरची जुनी युक्ती आहे. मी पहिल्यांदा माझा स्वतःचाच कवितासंग्रह वापरला, प्रती पडूनच होत्या. पण बहात्तर पानांत काही ताण येईना. मग शब्दकोश घेतला. तो उत्तम चालला. माझ्या शब्दकोशात 'म' आणि 'य' यांच्यामध्ये निळ्या धाग्याचा रंग लागला होता.

शेवटी धाग्यावर इपॉक्सीचा लेप. दोन द्रव अगदी समान मापाने घ्यायचे, औषधाच्या सिरिंजने. अंदाजाने घेतले की फसलात. लेप लावल्यावर काठी काही तास सावकाश फिरत ठेवायची, नाहीतर तो खाली ओघळून थेंब धरतो. त्यासाठी मी बिघडलेल्या मायक्रोवेव्हमधली तबकडी फिरवणारी मोटर लावली आहे. मिनिटाला पाच-सहा फेरे, आवाज नाही. माझी पहिली काठी मी भर जुलैत केली, हवा ओली, मापही डोळ्यांनी घेतलेलं. पंधरा दिवस झाले तरी लेप चिकटच. आजही त्या काठीवर माझ्या अंगठ्याचा ठसा आहे.

बरं, हे सगळं करताना मला माणग्याच्या काठीची थोडी लाज वाटायची. बांबू म्हणजे गरिबाची काठी. मग वाचताना कळलं, की एकोणिसाव्या शतकात इंग्लंड-अमेरिकेतल्या उत्तम काठ्या बांबूच्याच होत्या. बांबू उभा चिरून, त्याच्या सहा त्रिकोणी पट्ट्या तासून, त्या एकमेकींना चिकटवून षट्कोनी काठी करायची. कारण बांबूचं बळ सालीलगतच्या तंतूंत असतं. अशा काठीत ती साल चहूबाजूंनी बाहेर राहते आणि आतला पोचट भाग तासला जातो. आणि हा बांबू जायचा आपल्या देशातून. कलकत्ता बंदरातून निघायचा म्हणून त्याचं नावच 'कलकत्ता केन' पडलं. पुढे विसाव्या शतकात चीनच्या ग्वांगदोंग प्रांतातल्या टोंकिन केनने त्याची जागा घेतली. आपल्याकडे विदर्भात ज्याला मानवेल म्हणतात तो भरीव बांबू. त्याच्याच दांड्यांचे भाले घोडदळ वापरत असे. मद्रासच्या सनदी सेवेतल्या हेन्री सलिव्हन थॉमस यांनी तर 1873 साली 'द रॉड इन इंडिया' हे आख्खं पुस्तक हिंदुस्थानातल्या गरवण्यावर लिहिलं. म्हणजे ज्या बांबूची मला लाज, त्याच्यापायी साहेब समुद्रापलीकडून गिऱ्हाईक होता.

हळूहळू लोक माझ्याकडे काठी मागायला येऊ लागले. पैसे मी सामानाचेच घेतो. पण काठी हातात देण्याआधी माप घेतो. कोपरापासून मनगटापर्यंत किती इंच? कारण रिळामागचा दांडा लांब झाला तर तो बगलेत, सदऱ्यात अडकतो, आखूड झाला तर सगळा भार मनगटावर येतो. पंजा केवढा? उभे कुठे राहता? खडकावरून लाटेच्या पलीकडे टाकायचं असेल तर दहा-अकरा फूट लागते, होडीत सहा-सात फूट पुरे. कुठला मासा? तांबोशी गरी गिळली की थेट खडकात नाहीतर कांदळवनाच्या मुळांत शिरते, तिला पहिल्या झटक्यात वळवावं लागतं, म्हणून काठी ताठ हवी. बोयचं तोंड मऊ, ताठ काठीने ते फाटतं. लोक हसायचे. म्हणायचे, "मुलगी बघायला आल्यासारखे प्रश्न विचारता." मी म्हणायचो, माप न घेता काठी करत नाही.

2014 च्या ऑक्टोबरात अब्बांना अर्धांगवायूचा झटका आला. उजवी बाजू गेली. वाचा थोडी जड झाली, पण शब्द राहिले. पायात हळूहळू आधार घेऊन चालण्याइतकी ताकद आली, उजवा हात मात्र आलाच नाही. तो झोळीत घातल्यासारखा पोटाशी असायचा. सकाळी ते पडवीत बसत आणि खाडीकडे बघत. माणग्याची काठी कौलांखाली होती. तिच्याकडे बघत नसत.

मी ठरवलं, अब्बांसाठी काठी करायची. पस्तीस वर्षांचं देणं होतं. त्या काठीवर मी जेवढा राबलो तेवढा कुठल्याच कवितेवर राबलो नाही. आठ फुटी, दोन तुकड्यांची, जपानी कड्या, निवडून घेतलेलं बूच, आणि धागा त्यांच्या जहाजाच्या धुरांड्याच्या रंगांचा, निळ्यात पांढरी रेघ. 2015 च्या जूनमध्ये, रमजानच्या आधी, मी ती त्यांच्या मांडीवर ठेवली.

त्यांनी डाव्या हाताने ती फिरवून पाहिली. एकेक कडी पाहिली. धाग्यावरून अंगठा फिरवला; आयुष्यभर यंत्रं हाताळलेला माणूस, कामाची पारख होती. म्हणाले, "काम चांगलं केलंयस." मी काही बोललो नाही. मग त्यांनी मूठ डाव्या हातात धरली, काठी उचलली. शेंडा थरथरत खाली आला आणि लादीवर टेकला. पुन्हा उचलली, पुन्हा टेकला. रिळाचा दांडा फिरवायला दुसरा हात कुठून आणायचा? त्यांनी काठी माझ्याकडे परत केली आणि भिंतीवरच्या फोटोकडे हनुवटी दाखवली.

"ही त्याची काठी आहे," ते म्हणाले. "त्याला दे."

मी आत गेलो आणि बराच वेळ बाहेर आलो नाही. राग आला होता, आधी त्यांचा, मग माझा. गावातल्या दर माणसाला कोपरापासून मनगटापर्यंत मोजणारा मी. अब्बांना मोजायचं मला सुचलंच नव्हतं. खरं म्हणजे सुचलं नव्हतं असं नाही. तो उजवा हात हातात घ्यायचा मला धीर नव्हता. त्यांना आंघोळ घालणं, कपडे घालणं सगळं अम्मा आणि माझी बायको करत होत्या. मी औषधं आणत होतो.

दोन दिवसांनी बायकोच्या शिवणाच्या मशीनमधली टेप घेऊन मी त्यांच्यासमोर बसलो. डावा हात मोजला. कोपर ते मनगट साडेदहा इंच. मनगटाचा घेर, पंजाची रुंदी. मग म्हणालो, "उजवाही बघू." त्यांनी डाव्या हाताने तो उचलून माझ्या गुडघ्यावर ठेवला. जड होता आणि थंड. बोटं मिटलेली, ती मी एकेक करून उघडली. त्यांना दुखतंय का ते मी चेहऱ्यावर शोधत होतो आणि ते खाडीकडे बघत होते. मग डाव्या मनगटाला किती पेलतं ते बघायला एका पट्टीच्या टोकाला पाण्याची बाटली टांगली. थोडं पाणी कमी करायचं, धरायला लावायचं, मनगट कधी खचतं ते बघायचं. पाऊण तास आमचं हे चाललं होतं. मध्येच ते म्हणाले, "त्या जपानी काठीचं टोक कुठे ठेवलंयस?"

मी म्हणालो, "माझ्या खणात आहे."

"कधीपासून?"

"कॉलेजला गेलो तेव्हापासून."

"कणगीमागे नव्हतं, तेव्हा कळलं मला," ते म्हणाले. बस्स. त्या विषयावर आमच्यात झालेलं बोलणं एवढंच.

मापं कागदावर मांडली तेव्हा एक गोष्ट स्पष्ट झाली. एका हाताच्या माणसाला रीळ नकोच. रीळ नको म्हणजे कड्या नकोत. कड्या नकोत म्हणजे मी जे जे शिकलो होतो त्यातलं बहुतेक नको. उरतो दांडा आणि शेंड्याला बांधलेला तंगूस, म्हणजे माणग्याचीच काठी. जपानात डोंगरातल्या ओढ्यांवर अशीच बिनरिळाची काठी पिढ्यान्‌पिढ्या वापरतात, तिला टेंकारा म्हणतात. फरक फक्त वजनाचा. अब्बांची माणग्याची काठी मी तोलून पाहिली, साडेचारशे ग्रॅम भरली, आणि त्यातलं बरंचसं हातापासून लांब. मी नऊ फुटांचा, अगदी हलका कार्बन ब्लँक घेतला. मूठ बुचाची न करता मऊ फोमची केली, कारण त्यांची पकड ढिली होती. आणि मुठीच्या मागे दांडा वाढवून त्यावर एक अर्धगोल पाळणा बसवला, हाताचा कोपराजवळचा भाग त्यात टेकावा म्हणून. पीव्हीसीचा पाइप उभा चिरून, गरम करून, माझ्या हातावर फडकं गुंडाळून त्याला आकार दिला, आतून जुन्या चपलेचं रबर, वरून चिकटपट्टा. आता काठीचं ओझं मनगटावर न येता कोपरापर्यंत वाटलं जात होतं. सगळी मिळून दोनशे ग्रॅमच्या आत बसली.

जपानी काठीच्या टोकाची कडी मला शेंड्याला लावायची होती. बसली नाही, तिची नळी कार्बनच्या शेंड्याला फारच मोठी झाली. धागा गुंडाळून भरून काढता आली असती, पण वजन शेंड्यावर आलं असतं. शेंड्याला साध्या विणलेल्या दोरीचा फास बांधला. ती कडी मग मुठीच्या वर बांधली. तिथे गरी अडकवून ठेवायला एक छोटी कडी लागतेच.

हिवाळा लागेपर्यंत अब्बा ही काठी पडवीत बसून नुसती उचलायचे आणि ठेवायचे. दहा वेळा, वीस वेळा. डॉक्टरांनी सांगितलेला व्यायाम त्यांनी कधी इतक्या इमानाने केला नव्हता.

2016 च्या जानेवारीत, भांगाचे दिवस बघून, म्हणजे पाण्याला फार ओढ नसते तेव्हा, आम्ही त्यांना जेटीवर नेलं. प्लास्टिकची खुर्ची, डोक्याला मफलर. तंगूस मी काठीहून थोडा आखूड ठेवला होता, म्हणजे काठी उभी केली की गरी झुलत माणसाजवळ येते. कोळंबी लावायला आणि मासा सोडवायला कोणीतरी शेजारी बसावं लागणार होतं. ते काम माझं. तंगूसही मुद्दाम बारीक घेतला. बिनरिळाच्या काठीला मासा पळू देता येत नाही. मोठा लागला तर आधी तंगूस तुटावा, हात नव्हे.

तासभर काही नाही. मग शेंडा दोनदा टकटक झाला. अब्बांनी कोपर खाली दाबलं, काठी उठली आणि तळहाताएवढी काळुंदर तडफडत माझ्या छातीवर येऊन आपटली. मी ती सोडवून त्यांना दाखवली. मला वाटलं आता काही बोलतील.

"पाणी चढतंय," ते म्हणाले. "खुर्ची मागे घे."

त्यानंतर दोन हिवाळे आणि तिसऱ्याचा थोडा भाग आम्ही असे बसलो. पुष्कळ वेळा रिकाम्या हाती आलो. अब्बा बोलायचे कमी, पण बोटीवरच्या गोष्टी मी तिथेच ऐकल्या. इंजिनखान्यात किती उकडतं, वादळात जहाजाचा पंखा पाण्याबाहेर येऊन कसा रिकामा फिरतो, आणि जपानच्या त्या दुकानदाराने खुणांनी त्यांचा हात मागून घेऊन कसं माप घेतलं होतं. हे शेवटचं त्यांनी सांगितलं तेव्हा मी कोळंबी लावत होतो. म्हणजे ती काठीही मापाची होती. इतकी वर्षं मला ती दुकानात टांगलेल्यांपैकी एक वाटत होती.

2018 मध्ये, पावसाच्या तोंडावर अब्बा गेले. दफनाआधी घुस्ल देताना त्यांचा उजवा हात मी धुतला. तोवर तो मला ओळखीचा झाला होता.

नंतर मी चिपळुणात राहायला आलो. 22 जुलै 2021 च्या पुरात आमच्या तळमजल्यात सात फूट पाणी होतं. पुस्तकं गेली, शब्दकोश फुगून विटेएवढा झाला, इपॉक्सी, धागे, मोटर सगळं चिखलात. छताच्या हुकांवर टांगलेल्या काठ्या तेवढ्या राहिल्या, त्यात हीही. कार्बनला पाण्याचं काही नाही. पाळण्याच्या रबराखाली गाळ गेला होता, तो मी दात घासायच्या ब्रशने काढला. निळ्या धाग्याची आठ फुटी काठी मी त्याआधीच भाच्याला दिली होती. त्याला ती बरोबर बसते. त्याची चण फोटोतल्या अब्बांसारखी आहे.

मोटर पुन्हा मिळाली, शब्दकोशही नवा घेतला. गेल्या महिन्यात शेजारच्या गावातल्या एका तरुणाचा फोन आला. लाकडाच्या गिरणीत उजव्या हाताची दोन बोटं गेली आहेत. म्हणाला, "काका, तीन बोटांवर काठी जमेल का?" मी म्हणालो, "आधी कुठली तीन आहेत ते बघू दे." रविवारी येतो म्हणाला आहे. त्या दिवशी भरती साडेअकराची आहे. माप घेऊन झालं की त्याला खाडीवर नेईन. अब्बांची काठी त्याच्या हाताला कशी लागते ते तर कळेल.